खालचं बटण

राहुरी,
१८ ऑगस्ट १९९६

चि. दानी,

आधी शिव्या खा, मग सलाम घे. दोन महिने तुझं पत्र नाही, आणि आज चर्चमधून येते तर श्रीरामपूरचा जोएल दारात उभा. हातात प्लॅस्टिकची पिशवी. "मस्कतहून दानीएलनं पाठवलंय, त्याच्या लग्नाच्या सुटाचं कापड हाय." बाबा आणि मी पिशवीकडेच बघत बसलो, बिचाऱ्याला चहा विचारायचं नंतर सुचलं.

कापड उघडलं तर राखाडी! अरे, लग्न आहे तुझं का बँकेत मुलाखत? आपल्या मंडळीत हल्ली ज्याचं त्याचं लग्न होतं तो काळा नाहीतर मोरपंखी शिवतो. मी म्हटलं, जास्मिन पांढऱ्या साडीत आणि हा शेजारी भरून आलेलं आभाळ. पण बाबांनी कापड मांडीवर ओढलं. मोतीबिंदू वाढलाय ना, पार नाकाशी नेलं. मुठीत चुरगळलं, सोडलं, पुन्हा हात फिरवला आणि म्हणाले, "पोराला अक्कल आली." तुझ्याबद्दल हे वाक्य मी उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं. जपून ठेव, परत मिळेल न मिळेल.

मग तुझी चिठ्ठी वाचून दाखवली, "बाबांच्या लग्नाच्या सुटासारखाच कट पाहिजे" ही. तिथं माझी चूक झाली. लगेच म्हणाले, ट्रंक उघड. तोच तो राखाडी सूट, त्यांच्या मिशन शाळेच्या साहेबांनी नगरला कापडबाजारात स्वतः उभं राहून शिवून घेतलेला. दर ईस्टरच्या सोमवारी ऊन दाखवायचं, लिंबाचा पाला बदलायचा आणि घडी घालताना म्हणायचं, "ह्यात लग्न लागलं, ह्यातच मातीत जाईन. मला शेवटी हाच घालायचा." लहानपणी आपण दोघं त्यांच्या मागं उभं राहून ओठांतल्या ओठांत हेच म्हणायचो आणि तुला हसू आवरायचं नाही. डाव्या बाहीच्या टोकाला नाताळच्या मेणबत्तीनं पडलेलं भोक आहे, त्यावर आईनं केलेलं रफू आहे. बाबा आधी त्या रफूवर अंगठा फिरवतात, मगच बाकीचा कोट बघतात.

आता हे त्यांनी सांगितलेलं, जसंच्या तसं लिहिते, कारण मला समोर बसवून शुद्धलेखन घातल्यासारखं घातलंय. राखाडीवर शर्ट पांढराच. क्रीम नको, क्रीम म्हणजे धुवायचा राहिलेला पांढरा. टाय गडद निळा नाहीतर डाळिंबी, बारीक ठिपके चालतील, फुलं चालणार नाहीत. बूट काळे, पट्टा काळा, मोजे लांब. खाली बसल्यावर नवऱ्याची नडगी दिसली तर पाळकानं लग्न थांबवावं. (मी हसले तर म्हणाले, "विजू, लिही.") हात सरळ सोडला की कोटाच्या बाहीतून शर्टाची कड जराशी दिसली पाहिजे. वरच्या खिशात रुमाल पांढरा, टायच्या कापडाचा नको, तसला बँडवाले घालतात. आणि कोटाला बटणं दोन, लावायचं फक्त वरचं. खालचं बटण कधी म्हणजे कधी लावायचं नाही.

मी विचारलं, मग ठेवायचं कशाला? म्हणाले, "न लावण्यासाठी. सगळी बटणं लावायची ती शाळेतल्या पोरांनी. मोठा माणूस कोटात मोकळा दिसला पाहिजे, बांधून घातल्यागत न्हाई."

स्टँडमागच्या गोरक्ष टेलरला कापड दाखवलं. तू पाठवलेली मापं बघून तो म्हणाला, "ताई, मापानं शर्ट व्हतो. असला कोट आमी कधी केला न्हाई. मास्तरांचाच आणा, बघून करतो." घरी येऊन सांगितलं तर बाबा भडकले. माझ्या सुटाला टेलरचा हात लागायचा नाही, बघायचा असेल तर त्यानं इथं यावं आणि हात मागं बांधून बघावं. आता बोल!

बावीस डिसेंबरला येणार, अठ्ठावीसला लग्न, पाच जानेवारीला परत. दोन वर्षांनी मिळालेली सुट्टी आणि ती पण चहापाण्याएवढी. असू दे. ये तर खरा.

तुझी ताई,
विजयमाला


राहुरी,
२२ सप्टेंबर १९९६

चि. दानी,

हे पत्र वाचून फाडून टाक. बाबांना लिहिताना यातलं एक अक्षर गेलं तर याद राख. तशी तुझी पत्रं त्यांना मीच वाचून दाखवते म्हणा, पण तरी.

गोरक्ष घरी आला होता. खरोखर हात मागं घेऊन उभा राहिला, बाबांनी कोट हँगरवर धरला. त्यानं इकडून बघितलं, तिकडून बघितलं, वाकून बघितलं. "मास्तर, ह्याची छाती अशी उभी कशानं ऱ्हाती?" बाबा म्हणाले, "आतला माणूस ताठ असला की राहते." गोरक्ष जाताना दाराबाहेर मला म्हणाला, "ताई, कोटाचं पोट बघितल्याबिगर मला न्हाई जमायचं. मस्कतचं कापड हाय, एकदा कात्री लागली की लागली."

मंगळवारी पाळकसाहेब बाबांना डोळे दाखवायला जीपमधून नगरला घेऊन गेले. जीप वळणावर जाते न जाते तोच मी ट्रंक उघडली. सूट पँटसकट चादरीत गुंडाळला आणि गोरक्षकडे नेऊन टाकला. म्हटलं, संध्याकाळी पाचला न्यायला येते, बाबा सातला येतील. गुपचूप नेणार, गुपचूप आणणार.

पाचला गेले तर टेबलावर कोट नव्हताच. दोन बाह्या एकीकडे, पाठ एकीकडे, अस्तर वेगळं, कॉलर वेगळी. पँटही उसवून ठेवलेली. आपल्या बाबांचा सूट, दानी! मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की स्टँडवरची चार माणसं आत डोकावली. गोरक्ष शांत. "ओ ताई, उसवल्याबिगर दिसंल कसं? ह्ये बगा आतलं कॅनव्हास, सगळा हातटाका हाय. आता मी दानीभाऊंचा असा करून देतो का राहुरीत कुणाचा न्हाई. आन् मास्तरांचा हाय तसा जोडून देतो, शपथ." ओरडून ओरडून करणार काय? फाडलेला नव्हता, उसवलेला होता. मी परत आले.

ट्रंकेत माझी जाड शाल घडी घालून ठेवलीय, वर लिंबाचा पाला. बाबा जाता येता ट्रंकेचं झाकण उघडून हात घालतात म्हणून.

वाईट वाटतं का म्हणशील तर थोडं वाटतं. पण तुझं लग्न एकदाच होणार, आणि आई असती तर तिनं हेच केलं असतं असं मी मनाशी म्हणते. आई असती तर तिनं हे केलं नसतं, हेही मला माहीत आहे. बाबांना खोकला झालाय, तो गेल्यावर डोळ्यांचं ऑपरेशन करू म्हणालेत नगरचे डॉक्टर.

ताई


राहुरी,
२० ऑक्टोबर १९९६

चि. दानी,

तुझा सूट झाला! आणला पण. दाराच्या खुंटीला टांगलाय आणि येणारं जाणारं माणूस थांबून बघतंय. शेजारच्या बनुबाई म्हणाल्या, "अगं बया, ह्याच्यात तर आमचा म्हातारा बी सायब दिसंल." गोरक्षनं शपथ खरी केली. छाती उभी राहते, आत माणूस नसला तरी. तू पाठवलेला डाळिंबी टाय शर्टावर धरून बघितला. सुरुवातीला मी राखाडीला नावं ठेवली ती मागे घेते. काळ्या सुटात आधी सूट दिसतो, यात आधी चेहरा दिसेल.

जुन्या सुटाचं मात्र अडलंय. गोरक्ष म्हणतो, "दिवाळीचं काम हाय, सफारींचा ढीग पडलाय. मास्तरांना आत्ता कुठं जायचंय सूट घालून? दिवाळी झाली की पहिला त्योच." गाठोडं बांधून माळ्यावर ठेवलंय. मी रोज शाळेतून येताना दुकानावरून येते, तो मला बघून मान खाली घालून मशीन जोरात चालवतो.

बाबांचा खोकला काही हटत नाही. पायावर सूज आहे, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यात. काळजीचं नाही म्हणाले. पण गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी म्हणतात, "विजू, औंदा पाऊस लई झाला. सूट उन्हात काढ." मी म्हटलं, ईस्टरला काढू की. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी आवाज चढवून, "काढ म्हणतोय ना."

मग काय करू? तुझा नवा सूट हँगरसकट घेतला आणि खाटेपाशी नेऊन धरला. राखाडी तो राखाडी. बाबांनी हात लावून बघितला. म्हणाले, "बरं हाय. ठेव."

झालं, सुटले. मोतीबिंदूचा एवढा तरी उपयोग. तू हसशील, हस. मी नाही हसले, आत जाऊन घासलेली भांडी परत घासत बसले.

पत्र पाठव. बाबांना मोठ्या अक्षरात चार ओळी वेगळ्या लिही, त्यांना स्वतः वाचायच्या असतात.

ताई


राहुरी,
१७ नोव्हेंबर १९९६

चि. दानी,

तुझं पत्र आलं. मोठ्या अक्षरातलं पान बाबांच्या उशाशी ठेवलं.

बाबांचा खोकला थांबलाय. आता त्यांना कसला त्रास नाही. तू त्यांच्यासाठी स्वेटर आणू नको, लागणार नाही. सुटाचं विचारलंस. नीट जागी आहे, आता त्याला कुणी हात लावणार नाही.

बनुबाईंकडे फोन करू नको, त्यांचा फोन बंद आहे. जास्मिनच्या घरी सगळे बरे आहेत. मंडळीतले सगळे तुझी वाट बघतात.

जास्त लिहीत नाही. चुलीवर दूध आहे.

ताई


राहुरी,
१ डिसेंबर १९९६, रविवार

दानी,

आज चर्चमध्ये तुझ्या लग्नाची पहिली घोषणा झाली. पाळकसाहेबांनी कागद वर धरला आणि वाचलं, "आपल्या मंडळीतील ख्रिस्तवासी आसाराम मास्तर यांचे चिरंजीव दानीएल, आणि श्रीरामपूर मंडळीतील कुमारी जास्मिन, यांचा विवाह योजिला आहे. कुणाची रास्त हरकत असल्यास कळवावे."

ख्रिस्तवासी. सगळ्या चर्चनं ऐकलं. मागच्या बाकावरच्या पोरांनी ऐकलं. सगळ्या राहुरीला माहीत आहे, फक्त ज्याचं नाव वाचलं त्यालाच माहीत नाही. मला उभं राहून ओरडावंसं वाटलं, माझी हरकत आहे, नवऱ्या मुलाला बाप गेल्याचं सांगितलेलं नाही. बसून राहिले.

दानी, बाबा गेले. नऊ नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी. दाराशी खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. मला म्हणाले, पाणी कोमट कर. मी करून आणलं तेवढ्यात मान एका बाजूला झाली होती. तांब्या माझ्या हातातच होता. त्रास झाला नाही रे, हे खरं सांगते. या पत्रात सगळं खरं सांगणार आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी माती दिली. लक्ष्मीपूजनाचा दिवस, गावात फटाके वाजत होते.

मला इथंच थांबावंसं वाटतंय. पण तू आता विचारशील, बाबांना त्यांचाच सूट घातला ना?

नाही घातला.

मंडळीतल्या प्रत्येकाला तो सूट माहीत होता. माणसं आंघोळीचं पाणी काढत होती तेव्हा बनुबाई म्हणाल्या, "विजू, मास्तरांचा सूट काढ." मी ट्रंक उघडली. बनुबाईंनीच हात घातला आणि माझी शाल वर आली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी चपला न घालता स्टँडमागं पळाले. गोरक्षच्या दुकानाला कुलूप. तो बायकापोरं घेऊन सिन्नरकडं गावी गेलेला. मी शटरवर हात आपटत राहिले. शेजारचा किराणावाला रांगोळी काढत होता, म्हणाला, "ताई, त्यो भाऊबीज करूनच येनार." आणि कुलूप फोडलं असतं तरी काय मिळालं असतं? दोन बाह्या आणि एक पाठ.

चाळीस वर्षं त्या माणसानं एकच गोष्ट मागितली होती. जमीन नाही मागितली, सून हाताखाली नाही मागितली, ऑपरेशनसुद्धा नाही मागितलं. मला शेवटी हाच घालायचा, एवढंच.

घरी येऊन खुंटीवरचा तुझा सूट काढून दिला. तुझ्या लग्नाचा, तू अजून न बघितलेला. आणि लोक काय म्हणाले सांगू? "मास्तरांनी कसा जपला बघा, नव्यागत हाय." दोघातिघांनी म्हटलं. मी मान हलवली. बनुबाई एकट्या गप्प होत्या, आजवर त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.


२ डिसेंबर

काल पुढं लिहवेना.

तुला का कळवलं नाही ते लिहिते. पाळकसाहेब म्हणाले, मस्कतला फोन लावू. मी म्हटलं, तो पोचणार नाही, रजा एकदाच मिळते, आत्ता आला तर लग्नाला यायचा नाही, मी सवडीनं पत्रानं कळवते. सगळ्यांना पटलं. मी बोलायला लागले की पटतंच लोकांना. पण ते कारण नव्हतं. तू फोनवर पहिलं तेच विचारलं असतंस, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. बस, एवढंच. म्हणून मी तुझा बाप गेलेला तुझ्यापासून तीन आठवडे लपवला. मागचं पत्र लिहिताना तर मला वाटत होतं की मी खोटं लिहीत नाहीये. खोकला थांबलाय. त्रास नाही. सूट नीट जागी आहे. एक वाक्य खोटं नाही, फक्त फोन सोडून. असली मी.

आणि ऑक्टोबरच्या पत्रात मी तुला अर्धंच लिहिलं होतं.

मी तुझा नवा सूट खाटेपाशी धरला तेव्हा बाबांनी नुसता हात नाही लावला. त्यांनी डावी बाही शोधली. टोकाला अंगठा फिरवला, आईच्या रफूसाठी. रफू नव्हतं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी परत एकदा अंगठा फिरवला, सावकाश. मग कोटाच्या पुढच्या बाजूला हात नेला, खालच्या बटणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "दानीला सांग, हे लावायचं न्हाई." आणि मग म्हणाले, "बरं हाय. ठेव."

त्यांना कळलं होतं, दानी. हा तुझा आहे आणि त्यांचा घरात नाही, दोन्ही कळलं होतं. त्यानंतर एकदाही त्यांनी सूट मागितला नाही. त्यांच्या वर्गात कुणी कॉपी केली की ते ओरडायचे नाहीत, नुसते येऊन शेजारी उभे राहायचे, आठवतं? पोरगं आपोआप रडायचं. माझ्याशेजारी ते तीन आठवडे तसे उभे होते आणि मी मेली त्यांच्यासमोर भांडी घासत होते. एकदा बोलले असते, विजू, काय केलंस, तर मी पाय धरले असते. गोरक्षच्या छातीवर बसून सूट जोडून घेतला असता. त्यांनी माझ्यासाठी तेवढंही केलं नाही, आणि मी त्यांना विचारलं नाही.

दुसरी घोषणा आठ तारखेला आहे, तिसरी पंधराला. तुला लग्न पुढं ढकलायचं असेल तर पाळकसाहेबांना कळव, मला कळवायला नको. जास्मिनच्या घरचे काही म्हणणार नाहीत, माणसं चांगली आहेत. तुला माझ्या हातचं काही नको असेल तर तेही मी समजेन. पण ये. बाबांच्या मातीवर तुझी मूठ पडायची राहिलीय.

हे पत्र आज टाकते. आज नाही टाकलं तर टाकणारच नाही.

विजयमाला


राहुरी,
१९ डिसेंबर १९९६

चि. दानी,

हे पत्र जोएलकडे देते. तो तुला घ्यायला मुंबईला विमानतळावर येतोय. घरी पोचायच्या आधी वाच, म्हणून लिहिते. तोंडानं मला सांगता येणार नाही.

तुझा फोन आला तेव्हा बनुबाई स्वतः पळत बोलवायला आल्या. मी फोन कानाला लावला आणि तू काहीच बोलेनास. मस्कतमधला कसला तरी पंखा ऐकू येत होता. मी म्हटलं, दानी, शिव्या दे. तू दिल्या नाहीस. तू म्हणालास, "ताई, बाबांचा सूट जोडला का?" मी म्हटलं, जोडून देईल गोरक्ष. तू म्हणालास, "मी तोच घालीन," आणि ठेवलास. माफ केलं असं तू म्हणाला नाहीस. मीही विचारलं नाही. पण बनुबाईंच्या ओट्यावर बसून मी रडले, त्यांच्या सुनेनं पाणी आणून दिलं.

सूट झालाय. भाऊबीज करून आल्यावर गोरक्षला मास्तर गेल्याचं कळलं, तेव्हापासून त्यानं माझ्याशी नजर मिळवली नव्हती. तुझा फोन आल्यावर मी जाऊन सांगितलं, तर त्यानं हातातली सफारी खाली ठेवली आणि गाठोडं काढलं. जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच सुई घातलीय, म्हणाला, "नवं भोक पाडलेलं न्हाई ताई." बाहीचं रफू उसवून नीट करू का विचारत होता. मी म्हटलं, त्याला हात लावशील तर बघ. कमरेत तुला बोटभर सैल होईल, पट्ट्यानं बसेल. खांदा बरोबर येईल, तुझा खांदा बाबांचाच आहे. रंग थोडा विटलाय, तुझा नवा होता तितका गडद नाही. शर्ट पांढरा धुऊन ठेवलाय. टाय डाळिंबीच घाल. मोजे लांब आणलेस ना? नडगीचं विसरू नको.

आता एक राहिलं. मागचं एवढं मोठं पत्र लिहिलं, खरं सगळं सांगते म्हणाले, तरी एक ठेवून घेतलं होतं. म्हटलं इतकं क्षुल्लक कशाला लिहायचं. पण पोटातून जात नाही.

बाबांना कपडे माणसांनीच घातले. कोट चढवून झाल्यावर मला आत बोलावलं, म्हणाले, ताई, बघून घ्या. कोट त्यांना ढगळ होत होता, शेवटच्या दिवसांत किती वाळले होते ते अंगात कोट घातल्यावर दिसलं. मी बटणं लावायला वाकले. वरचं लावलं. आणि हात थांबला नाही, खालचंही लावलं. आई गेल्यावर तुझ्या शाळेच्या सदऱ्याची बटणं मी लावायचे ना, वरपासून खालपर्यंत, एक सोडायचं नाही. हाताला तीच सवय. डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलंच नाही.

कबरस्तानात तोंड बघायला पेटी शेवटची उघडली तेव्हा दिसलं. दोन्ही बटणं लावलेली. बांधून घातल्यागत. पाळकसाहेबांची प्रार्थना चालू होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, एक माझेच उघडे. हात पुढं करून काढता आलं असतं. पण नव्या कोटाचं काज घट्ट असतं, एका हातानं निघत नाही, खटपट करावी लागली असती. कुणीतरी डोळे उघडून बघितलं असतं, आणि म्हटलं असतं, मास्तरांच्या चाळीस वर्षांच्या कोटाचं काज असं कसं? म्हणून मी हात मागंच ठेवला. आमेन झालं आणि झाकण लागलं.

सुटाबद्दल त्यांनी मला सांगितलेली शेवटची गोष्ट तीच होती, दानी. बाकी सगळं चुकलं ते घाईनं, भीतीनं चुकलं. हे माझ्या डोळ्यांदेखत होतं आणि मी ते तसंच मातीत जाऊ दिलं.

अठ्ठावीसला चर्चमध्ये फोटोवाला म्हणेल, साहेब, दोन्ही बटणं लावा, कोट छान बसेल. लावू नको. जास्मिनची आत्या म्हणेल, तिलाही ऐकू नको. लग्नाला निघताना मी दाराशी उभी असेन. वरचं बटण मी लावीन, तू लावू दिलंस तर. खालच्याला मी हात लावणार नाही.

तुझी ताई